करकोचा म्हणजे नक्की कोण?

पाणकणीस: भिगवणच्या पक्ष्यांवर मुलांसाठी पुस्तिका मराठीत करतेय. मी पेंटेड स्टॉर्कला 'चित्रबलाक' लिहिलं होतं, संपादकांनी सगळीकडे 'रंगीत करकोचा' केलंय. बलाक मुलांना कळणार नाही म्हणे. करकोचा वेगळा ना? की मीच चुकतेय?

भाकरवडी: संपादकांचं बरोबर. 'कोल्हा आणि करकोचा' ऐकत वाढलो आपण. मूळ गोष्टीत तो स्टॉर्कच आहे.

गाळपेर: गोष्टीवरून पक्षी ओळखायचे तर झालंच! कांड्या करकोचा म्हणजे क्रेन, स्टॉर्क नव्हे; तो हिवाळ्यात येतो, थव्याने रानात उतरतो आणि कल्ला करतो. झाडावर बसत नाही, मागचं बोट आखूड असतं. चित्रबलाक इंदापुरात चिंचांवर घरटी करतो आणि जवळजवळ मुका, फार तर चोच वाजवतो.

उगाच_एक: करकोचा क्रौंचावरूनच आला असणार.

भाकरवडी: की करकर करणारी चोच? 😀

सातूचं_पीठ: आमच्या आजोळी करकोचा म्हणजे परकराच्या नाडीचा कमरेवर उठलेला वळ. करकचून बांधलं की पडतो तो. पक्षी नंतर शाळेत कळला.

उगाच_एक: आता बलाकाचं बघा. मेघदूतात माळ करून ढगाकडे निघतात त्या बलाका म्हणजे पांढरे बगळे, असंच आम्हाला शिकवलं. ते नाव स्टॉर्कला चिकटवायचं आणि वर शुद्धतेच्या गप्पा! उजनीवर आमच्या नावाड्याला विचारलं, तर म्हणाला, "रंगीत बगळाच की ओ."

गाळपेर: नावाड्याला पोटापुरतं पुरतं, पुस्तिकेला नाही. बगळा उडताना मानेची घडी घालतो, बलाक मान सरळ ताणतो. हे एवढं छापा, पोरं लांबूनही ओळखतील. लोकांनी ठेवलेली नावं मलाही आवडतात हो. ढोकरीला, म्हणजे त्या छोट्या बगळ्याला, 'वंचक' म्हणतात ते किती नेमकं! काठावर मातकट होऊन बसते, पाय पडायची वेळ आली की पांढरेशुभ्र पंख उघडून पसार.

भाकरवडी: ढोकरी आणि वंचक एकच? मी आजवर दोन समजत होतो.

सातूचं_पीठ: आमच्याकडे नुसतं 'ढोक'. आजी म्हणायची, ढोकासारखा काय उभा राहिलायस, पाणी आण.

पाणकणीस: सगळं छान, पण मजकूर उद्या द्यायचाय. चित्रबलाक ठेवू की करकोचा?

उगाच_एक: ढोक आणि ढोकळा यांचा काही संबंध?

सातूचं_पीठ: करकोच्यावर खोबरेल लावायचं, रात्रीत जातो.