पॉलिशच्या बाटलीवरचा नंबर म्हणजे ग्रिट नव्हे

एकांनी विचारलंय की गाडीच्या पॉलिशमधलं मेगवायर्स कंपनीचं २०५ हे १०५ पेक्षा जास्त कापतं का, म्हणजे रंगाचा वरचा थर जास्त घासून काढतं का, नंबर मोठा आहे म्हणून. नाही हो, उलट आहे! १०५ हे जोरात कापणारं कंपाउंड आणि २०५ फिनिशिंग पॉलिश, म्हणजे शेवटी चमक आणणारं सौम्य पॉलिश, आणि ते आकडे ग्रिट (घासायच्या वॉटर पेपरवर असतो तो बारीकपणाचा आकडा) नाहीतच, नुसते प्रॉडक्ट नंबर आहेत. मेन्झेर्नाचं ४०० हेवी कट आणि ३८०० सुपर फिनिश, म्हणजे तिथे आकडा वाढला की माल सौम्य, म्हणून वॉटर पेपरसारखं वाटतं पण तोही ग्रिट नाही. सोनॅक्सचं अजून तिसरंच, ०४-०६ मधला पहिला आकडा कट म्हणजे किती कापतं, दुसरा ग्लॉस म्हणजे किती चमक.

बाटलीवर पी १५०० लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ १५०० च्या वॉटर पेपरचे ओरखडे ते काढू शकतं, एवढाच.

मला हे आधी कळायला हवं होतं. नाना पेठेतल्या एका दुकानात पॉलिश मागितलं, त्यांनी रबिंग कंपाउंड दिलं, आणि मी ते बोअरच्या पाण्याचे डाग काढायला काळ्या बॉनेटवर हाताने रगडलं, संध्याकाळी उन्हात बघितलं तर सगळं धुरकट, फार वाईट वाटलं. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४०-५० मायक्रॉनचाच असतो, गेलेला परत येत नाही. म्हणून कृपा करून आधी मऊ फोम पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिश घ्या, वीतभर जागेवर लावून बघा, डाग नाही गेला तरच पुढचं. आणि पॅड बदलला की तेच पॉलिश कमीजास्त कापतं, ते तर कुठल्याच नंबरात येत नाही.