मदत हवी आहे: पासवर्ड मॅनेजरमधील त्रुटी कंपनी मान्यच करत नसेल, तर ती जाहीर कधी करावी?

नमस्कार मंडळी,

एका प्रचलित पासवर्ड मॅनेजरच्या (पासवर्ड साठवून ठेवणाऱ्या ॲपच्या) ब्राउझर एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, मला सुरक्षेची एक त्रुटी आढळली आहे. उत्पादनाचे नाव मुद्दाम देत नाही. उत्तर देणाऱ्यांनीही कृपया तर्क लढवू नयेत.

मुख्य डोमेनसाठी जतन केलेला पासवर्ड हे एक्स्टेन्शन त्याच डोमेनच्या कोणत्याही सबडोमेनवर (उदा. मुख्य डोमेन example.com असेल तर blog.example.com वर), पान उघडताक्षणी, एकही क्लिक न होता भरून टाकते. माझ्या मालकीच्या डोमेनवर सबडोमेन तयार करून तेथे डोळ्यांना न दिसणारा लॉगिन फॉर्म ठेवला, तेव्हा चाचणीसाठी बनवलेल्या खात्याचे नाव आणि पासवर्ड दोन्ही त्यात आपोआप आले व पानावरील स्क्रिप्टने ते वाचलेही. ज्या सेवा ग्राहकांना आपल्या सबडोमेनवर स्वतःची पाने बनवू देतात, तेथे याचा गैरवापर किती सोपा आहे हे वेगळे सांगायला नको. व्हॉल्टचे, म्हणजे पासवर्ड ठेवलेल्या तिजोरीचे, एन्क्रिप्शन कितीही भक्कम असले तरी येथे कामाचे नाही, कारण पासवर्ड उलगडून हाती देणारे एक्स्टेन्शनच आहे.

कंपनीच्या संकेतस्थळावरील सिक्युरिटी.टीएक्सटी (त्रुटी कोठे कळवायच्या ते सांगणाऱ्या) फाइलमधील पत्त्यावर सविस्तर अहवाल पाठवला. ही त्रुटी नसून सोय आहे आणि ज्याला नको त्याने सेटिंगमधून ती बंद करावी, असे उत्तर आले. ती मुळातच सुरू असते, याबद्दल मात्र अवाक्षर नाही!

त्रुटी जाहीर करण्याआधी गुगलचा प्रोजेक्ट झीरो हा त्रुटी शोधणारा गट कंपनीला ९० दिवसांची, तर सर्ट कोऑर्डिनेशन सेंटर ही संशोधक आणि कंपन्या यांच्यात समन्वय साधणारी संस्था ४५ दिवसांची मुदत देते, हे ठाऊक आहे. पण ही मुदत दुरुस्तीला वेळ मिळावा म्हणून असते, आणि येथे दुरुस्ती करण्याचा विचारच नाही. २०२३ मध्ये कीपास या पासवर्ड मॅनेजरचा मास्टर पासवर्ड (सगळे पासवर्ड उघडणारा मुख्य पासवर्ड) मेमरीतून मिळवता येण्याची त्रुटी २.५४ आवृत्ती येण्याआधीच जाहीर झाली होती. मात्र तेथे हल्लेखोराच्या हाती आधी त्या संगणकातील मेमरीची नक्कल लागणे आवश्यक होते. येथे नुसते पान उघडले की पुरे.

माझा खरा पेच असा, की वापरकर्त्यांना आजच स्वतःचा बचाव करता येईल, पण तो कसा हे सांगितले की हल्ल्याची दिशाही उघड होते. तेव्हा आधी केवळ ‘पान उघडताच होणारे ऑटोफिल (पासवर्ड आपोआप भरणे) बंद ठेवा’ एवढाच इशारा देऊन चाचणीचा कोड मागाहून प्रसिद्ध करणे योग्य ठरेल, की त्याआधी सर्टसारख्या त्रयस्थ संस्थेला मध्ये घ्यावे? शिवाय, मला बक्षिसाची अपेक्षा नसली तरी प्रसिद्धीची तारीख कळवणारे पत्र धमकीसारखे वाचले जाण्याची भीती वाटते. ज्यांनी अशी पत्रे प्रत्यक्ष लिहिली आहेत, त्यांनी मजकुराची मांडणी कशी केली ते कृपया सांगावे.