मदत हवी आहे : गेराल्टच्या कॉकटेलचा फेस टिकत नाहीये

मंडळी, शनिवारी भावाचा वाढदिवस आहे, विचर ३ हा व्हिडिओ गेम त्याने तीनदा संपवलाय म्हणून त्यातल्या हिरोवरून, गेराल्टवरून कॉकटेल करतेय. गेम पोलंडचा, म्हणून तिकडचीच झुब्रुव्का व्होडका घेतली, बाटलीत गवताची काडी असते ती, ४५ मिली, त्यात सफरचंदाचा ज्यूस ६० आणि लिंबाचा रस १५, चव मस्त जमलीये. वर गेराल्टच्या पांढऱ्या केसांसाठी अंड्याच्या पांढऱ्याचा फेस आणि त्यावर लिंबाच्या सालीचे मांजरासारखे पिवळे डोळे. पण फेस दोन मिनिटांत बसतो आणि डोळे बुडतात! आधी बर्फाशिवाय शेक करते, मग बर्फ घालून पुन्हा, तरी तेच. साखरेचा पाक घातला नाहीये त्यामुळे होतंय का? आणि वहिनी अंडं खात नाही, तिच्या ग्लासात काबुली चणे शिजवलेलं पाणी किती घालू? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.