मदत हवी आहे: ईकॉग डिकोडर दुसऱ्या दिवशी गडगडतो

ईकॉग म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवलेल्या इलेक्ट्रोडनी टिपलेले विद्युत संकेत; डिकोडर त्यावरून हालचाल ओळखतो. अजाइल१२ हा अशा नोंदींचा खुला डेटासेट (सिएटल, १२ रुग्ण, मिळून ५५ दिवस, सेकंदाला ५०० नमुने). मनगट हललं की स्थिर, एवढंच ओळखायचंय. ८ ते ३२ आणि ७६ ते १०० हर्ट्झची पॉवर, हालचालीच्या आधी-नंतर १ सेकंद, त्यावर साधा एलडीए (दोन गट सरळ रेषेने वेगळे करणारी पद्धत).

खिडक्या (हे वेळेचे तुकडे) सरमिसळ करून तपासलं की आकडा झकास. शेवटचा अख्खा दिवस बाजूला ठेवला की निव्वळ छापा-काटा. शेजारच्या खिडक्या ट्रेन-टेस्ट दोन्हीकडे गेल्याने गळती होते, हे उघडच आहे. सरमिसळीचा आकडा म्हणूनच फेकून द्यायचा. पण दिवसागणिक सरकणारा सिग्नल कसा सावरायचा? झेड-स्कोअर (सरासरी वजा करून विचलनाने भागणं) रोज नव्याने, की रीमानियन अलाइनमेंट (वेगवेगळ्या दिवसांच्या सहविचरण मॅट्रिक्स एकमेकांशी जुळवणं)?

आणि मनगट स्थिर असताना रुग्ण बोलत असतो, चावत असतो. मूळ व्हिडिओ दिलेले नाहीत, ढोबळ लेबलं मिनिटांच्या मापाची. हे नमुने कसे गाळता?