बाईक मधेच थ्रॉटल घेत नाही, सर्व्हिसवाले म्हणतात सगळं ओके

बी-३०४: सोसायटीच्या ग्रुपवरच्या बाईकवाल्यांना एक प्रश्न, बाकीच्यांनी जरा सांभाळून घ्या. माझी गाडी चालता चालता मधेच थ्रॉटल घेत नाही, म्हणजे मूठ पिळतोय तरी आरपीएम तिथेच, इंजिन लाइट लागते, गाडी कडेला घेऊन किल्ली बंद-चालू केली की लाइट गायब आणि गाडी एकदम शहाणी. मग कितीतरी दिवस काही नाही. सर्व्हिस सेंटरला देतो तर प्रत्येक वेळी "टेस्ट राइड ओके" लिहून धुऊन परत.

ए-१०२: धुऊन तरी मिळते ना, आमची तशीच येते

सी-२०१: पेट्रोलमध्ये पाणी असणार, टाकी रिकामी करून घे

ए-५०३: काका पाणी असेल तर गाडी मिसिंग करेल, झटके देईल, किल्ली फिरवून पाणी कुठे जाणार. बी-३०४ आधी हे सांग, थ्रॉटलला केबल आहे का राइड-बाय-वायर, म्हणजे केबलऐवजी सेन्सर आणि वायरवर चालणारा?

बी-३०४: वायरवाली. केबल नाहीच.

ए-५०३: मग ऐक. मुठीच्या सेन्सरमधून एक नाही दोन सिग्नल जातात आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ते सतत एकमेकांशी ताडून बघतो, दोघांचं जमलं नाही की तो मुठीवर विश्वास ठेवत नाही, थ्रॉटल जवळजवळ बंद करून गाडी लिंप मोडला टाकतो, म्हणजे कशीबशी हळू चालेल एवढीच ताकद देतो. मुद्दामच तसं केलेलं असतं, नाहीतर खराब सिग्नलवर गाडी आपणहून सुटेल. किल्ली फिरवली की परत चेक होतं, तेव्हा सिग्नल बरा असेल तर सगळं नॉर्मल. पण म्हणून सेन्सरच गेलाय असं नाही हं, बॅटरीचं टर्मिनल ढिलं असलं, कनेक्टरमध्ये पाणी किंवा गंज असला, वायर आतून तुटलेली असली, तरी असंच दिसतं. कधी होतं ते सांग. थंड गाडीवर, तापल्यावर, पावसात, खड्ड्यात?

बी-३०४: तसं बघितलं तर वळताना. यू टर्नला, नाहीतर आपल्या गेटमधून आत घेताना.

ए-५०३: अरे मग हेच आधी सांगायचं ना! हँडल पूर्ण फिरतं तेव्हा मानेजवळची वायरिंग ताणली जाते. वरचं प्लास्टिक धड दिसतं, आतली तार तुटलेली असते, हँडल सरळ केलं की टोकं परत टेकतात. स्कॅनर, म्हणजे ईसीयूची रीडिंग दाखवणारं यंत्र, लावायला सांग, किल्ली ऑन, इंजिन बंद, मुठीला हात न लावता हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि स्क्रीनवर थ्रॉटलचा आकडा बघायचा. तो जागचा हलायला नको. सरळ रस्त्यावर टेस्ट राइड घेऊन त्यांना आयुष्यभर ओकेच येणार.

डी-१०४: माझी जुनी केबलवाली आहे, हँडल वळवलं की रेस आपोआप वाढते, तेच का?

ए-५०३: नाही, तुमची केबल ताणली जातेय. मुठीला थोडा मोकळा प्ले लागतो, म्हणजे केबल ओढली जाण्याआधी मूठ थोडी रिकामी फिरायला हवी, साधारण २ ते ४ मिमी, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये बघा. आणि मूठ सोडल्यावर फटकन मागे यायला हवी. नाही आली तर चालवू नका, आणि चालवताना अडकलीच तर क्लच दाबून किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण.

सेक्रेटरी: जे काय टेस्टिंग करायचं ते करा, फक्त बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून करू नका, धूर कोंडतो.

सी-४०१: बी-३०४, जॉब कार्डवर काय लिहिलं होतं? बहुतेक "पिकअप कमी" असणार. अॅडव्हायजर त्यांच्या भाषेत लिहितात, आत मेकॅनिकला तेवढंच दिसतं, तो एअर फिल्टर झटकतो आणि पुढची गाडी घेतो. आपलं वाक्य लिहायला लावायचं: वळताना थ्रॉटल रिस्पॉन्स जातो, इंजिन लाइट लागते, रीस्टार्टला जाते. सही त्यानंतर. लाइट लागलेली असताना मीटरचा व्हिडिओ काढून ठेव, गाडी कडेला लावून. आणि मुख्य म्हणजे ईसीयूने नोंदवलेला बिघाडाचा कोड डिलीट करायच्या आधी स्क्रीनचा फोटो माग, लाइट गेली तरी हिस्टरीत बऱ्याचदा कोड राहतो, पुसला की पुरावाच गेला. "थ्रॉटल बॉडी बदलून बघू" म्हणाले (इंजिनात हवा सोडणारा भाग) तर विचार, कुठल्या रीडिंगवरून?

बी-३०४: अगदी हेच म्हणाले होते ताई, थ्रॉटल बॉडी! शनिवारी जातो.

बी-३०४: अपडेट. सापडलं. टेक्निशियनने माझ्यासमोर स्कॅनर लावला, हँडल डावीकडे नेलं की आकडा उड्या मारतो, सरळ केलं की गप्प. टाकी काढली तर मानेजवळ मोबाईल चार्जरची वायर आणि कंपनीची हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) एकाच झिप टायने करकचून आवळलेली, तिथेच आत तार तुटलीय. लगेच म्हणाले बाहेरची अॅक्सेसरी आहे, वॉरंटी नाही. चार्जर त्यांनीच डिलिव्हरीच्या वेळी बसवलेला!

सी-४०१: बिल आहे ना?

बी-३०४: आहे, चार्जर फिटिंगसकट. सगळी जॉब कार्डं, कोडचा फोटो आणि बिल जोडून कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाकला, डीलरला कॉपीत ठेवून. दुपारी मॅनेजरचाच फोन, हार्नेस वॉरंटीत बदलून देतो. नवीन हार्नेस येईपर्यंत गाडी तिथेच ठेवलीय, तुटलेली तार जोडून चालवा म्हणत होते, मी नाही म्हटलं.

ए-५०३: बरं केलंस. नवीन बसवली की हँडल फिरवून तीच टेस्ट परत करून घे, समोर उभा राहून. आणि टाय ढिला.

ए-१०२: माझी स्कूटर खड्ड्यात आली की बंदच पडते, हार्नेसच असेल का?

ए-५०३: आधी साइड स्टँडचा स्विच बघा, चिखल बसला असेल.