मदत हवी आहे: नववीच्या मुलांना पोलंड समजावून सांगायचाय

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरजवळच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. वळिवड्याला, म्हणजे आज जिथे गांधीनगर आहे तिथे, १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बायका-मुलंच जास्त. वर्गाला ती जागा दाखवायला नेणार आहोत, त्याआधी एका तासात पोलंडची ओळख करून द्यायची आहे.

भूगोल जमलाय. क्षेत्रफळ सुमारे ३,१२,००० चौ. किमी, आपल्या महाराष्ट्रापेक्षा किंचित जास्त. उत्तरेला बाल्टिक समुद्र, दक्षिणेला डोंगर, मधे सपाट मैदान. पश्चिमेकडून पूर्वेला जावं तसा हिवाळा कडक होत जातो.

अडलंय दोन ठिकाणी. १९४५ ला युद्ध संपलं, पोलंड नकाशावर परत आला, मग वळिवड्याची बरीच माणसं मायदेशी न जाता इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला का गेली? मुलं हे विचारणारच. दुसरं, तिथे राष्ट्राध्यक्षही आहेत आणि पंतप्रधानही. कारभार नक्की कोण बघतं? नववीला झेपेल असं कुणी सांगेल का?

प्रतिसाद १

ताई, पहिल्या प्रश्नातच पोलंडचा सगळा इतिहास आलाय. पूर्व-पश्चिमेला आड येईल असा डोंगर नाही, शेजारी बलाढ्य. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया (तेव्हाचं बलाढ्य जर्मन राज्य), ऑस्ट्रियाने देश वाटून घेतला, तो थेट १९१८ ला पुन्हा उभा राहिला. १९३९ मध्ये पश्चिमेकडून हिटलर आणि सोळाच दिवसांनी पूर्वेकडून स्टालिन घुसला. वळिवड्याला आलेली बहुतेक कुटुंबं या पूर्व भागातली. त्यांना सायबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केलं, तिथून सुटून ती इराणमार्गे भारतात पोचली.

युद्धानंतर तो पूर्व भाग सोव्हिएत संघाकडेच राहिला आणि बदल्यात पोलंडला पश्चिमेला ओडर-नायसे नद्यांपर्यंतचा जर्मन मुलूख मिळाला. अख्खा देशच पश्चिमेला सरकला! या लोकांची गावं आता दुसऱ्या देशात, आणि पोलंडमध्ये सोव्हिएत छत्राखालची राजवट. ज्यांनी हद्दपार केलं त्यांच्याच हाताखाली कोण जाणार?

वर्गात १९३८ ची सीमा ट्रेसिंग पेपरवर काढून आजच्या नकाशावर ठेवा. लव्हिव आता युक्रेनमध्ये, विल्नियस लिथुआनियात, हे मुलांना स्वतःला दिसू दे. लव्हिवमधलं रात्सवावित्सेच्या लढाईचं (१७९४ ला पोलिश सैन्याने रशियनांना हरवलं ती) १५ मीटर उंच, शंभराहून जास्त मीटर लांब चित्र गुंडाळून १९४६ मध्ये व्रोत्स्वाफला आणलं. ते व्रोत्स्वाफ युद्धापर्यंत जर्मनांचं ब्रेस्लाउ होतं. चित्राचा फोटो नक्की दाखवा, मला तो प्रसंग फार बोलका वाटतो.

प्रतिसाद २

मॅडम, रोजचा कारभार पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाकडे. पण आपल्या राष्ट्रपतींसारखं समजू नका. तिथले राष्ट्राध्यक्ष पाच वर्षांसाठी थेट जनतेतून निवडून येतात आणि कायदा अडवू शकतात. तो नकार मोडायला ४६० सदस्यांच्या सेय्ममध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, तीन-पंचमांश मतं लागतात. दोघं वेगवेगळ्या पक्षांचे असले की सरकारची खरी कसोटी लागते. सिनेट १०० जणांचं आहे, पण वजन सेय्मचंच जास्त. ही राज्यघटना १९९७ ची. त्याआधीचा १९८० चा ग्दान्स्कच्या गोदी कामगारांचा संप आणि कम्युनिस्ट हरले ती जून १९८९ ची निवडणूक तेवढी सांगाच, नाहीतर सोव्हिएत छत्र गेलं कसं हा तिसरा प्रश्न येईल.