मदत हवी आहे: फायर अ‍ॅसेत सोनं दिसतं, सायनाइडमध्ये उतरत नाही

नमस्कार मंडळी,
मी रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये केमिस्ट आहे. एरवी आमच्याकडे पाणी नाहीतर कोळसा येतो. यावेळी कर्नाटकातून खनिज आलंय. काळपट दगड, पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) आणि आर्सेनोपायराइट (त्यात आर्सेनिकही असतं) भरपूर. हातोडा मारला की लसणाचा वास सुटतो. फायर अ‍ॅसेत, म्हणजे नमुना वितळवून सोनं मोजायच्या चाचणीत, टनाला 4 ग्रॅम सोनं येतं. तोच माल 75 मायक्रॉनपर्यंत दळून बाटलीत सायनाइडबरोबर (ते सोनं विरघळवतं) फिरवला तर 1 ग्रॅमसुद्धा उतरत नाही. मायक्रोस्कोपखाली पिवळा कण औषधालाही नाही. साहेबांचं एकच, "पुन्हा कर."

वाचून इतकं कळलं की जमिनीखालच्या गरम पाण्यात सोनं गंधकाला धरून विरघळतं. वाटेत लोहाचा खडक लागला की गंधक लोहाकडे जातो, पायराइट तयार होतं आणि सोनं निराधार होतं. पण मग ते सुटे कण होऊन का बसत नाही? आणि माझ्या नमुन्यात काय झालंय हे प्रोबशिवाय (खनिजाच्या सूक्ष्म ठिपक्यात कोणती मूलद्रव्यं किती आहेत ते मोजणारं यंत्र) कळेल का? (पवईला आयआयटीत प्रोब आहे, पण खर्चाचं नाव काढलं की साहेब फोनवर असतात.)

प्रतिसाद:
ताई, अ‍ॅसे बरोबर असणार. गोम आर्सेनिकमध्ये आहे. पायराइटमध्ये गंधकाच्या काही जागा आर्सेनिक घेतं, त्याने स्फटिकाची रचना बिघडते आणि सोन्याला अणूच्या रूपात आत शिरता येतं. त्यालाही मर्यादा आहे: आर्सेनिकच्या 100 अणूंमागे सोन्याचे साधारण 2. त्यावरचं सोनं नॅनोमीटरभर कण होऊन आतच राहतं. दोन्ही साध्या मायक्रोस्कोपला दिसत नाहीत आणि सायनाइड तिथे पोचत नाही. अमेरिकेत नेवाडातल्या कार्लिन खाणीचं सोनं याच जातीचं. 1965 पासून तिथे खाणकाम चालू आहे.

आधी थोडा माल 10 मायक्रॉनपर्यंत दळून बघा. उतारा वाढला तर बारीक कण होते. ढिम्म राहिला तर नायट्रिक अ‍ॅसिडने सल्फाइड (पायराइटसारखी गंधकाची खनिजं) विरघळवा आणि उरलेल्या गाळाला सायनाइड लावा. आता सोनं आलं तर ते सल्फाइडच्या आतच होतं. पण गाळ नीट धुऊन, चुन्याने पीएच 10.5 च्या वर नेल्याशिवाय सायनाइडची बाटली उघडूसुद्धा नका, विषारी वायू सुटतो. भट्टीत भाजायचा मोह टाळा, आर्सेनिकचा धूर लॅबभर होईल.

आर्सेनिक किती टक्के आहे तेही टाका इथे, मग पुढचं बोलू.